मेडो रू म्हणजेच थॅलिक्ट्रम: कुठलं घ्यावं, कुठे लावावं आणि ते गेलं असं इतक्यात का ठरवू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घराच्या पूर्वेला साधारण दोन मीटर रुंदीचा वाफा आहे, सकाळी ऊन आणि दुपारनंतर सावली असते, मागच्या वर्षी फोटो बघून थॅलिक्ट्रमचं 'ह्यूइट्स डबल' आणलं, भर उन्हाळ्यात त्याची पानं कडेनं करपली, फुलं आलीच नाहीत आणि आता वसंत लागला तरी त्या जागी काहीच दिसत नाहीये. तर ते मेलं का, आणि परत घ्यायचं असेल तर कुठलं घ्यावं.

सगळ्यात आधी, कृपा करून ती जागा अजून उकरू नका. थॅलिक्ट्रमच्या उंच जाती, त्यातही डेलावाय आणि तिचेच प्रकार (तुमचं 'ह्यूइट्स डबल' त्यातलंच), बागेतल्या बाकी बहुवर्षायू झाडांपेक्षा बऱ्याच उशिरा वर येतात. शेजारचे होस्टा, जिरेनियम पानांनी भरून जातात तेव्हाही यांची जागा कोरी माती असते, आणि नेमकं त्याच सुमाराला आपण मोकळी जागा दिसली म्हणून तिथे दुसरं काहीतरी लावायला जातो. माझ्या हातून हे झालंय. चांगला पाच वर्षांचा गड्डा होता, खूण केलेली नव्हती, फावडं मारलं आणि वर आले ते दोन तुकडे, प्रत्येकावर बोटाच्या पेराएवढे जांभळट कोंब. एक तुकडा जगला, पण त्याला परत फुलायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून शरद ऋतूत दांडे कापतानाच मी प्रत्येक गड्ड्याशेजारी एक जाड काठी रोवून ठेवतो.

तपासायचंच असेल तर बोटांनी हळूच वरची दोनेक सेंटीमीटर माती बाजूला करा. गड्ड्याच्या डोक्यावर घट्ट, टोकदार कोंब लागले तर ते जिवंत आहे, माती परत सारा आणि वाट बघा. गड्डा मऊ, काळपट लागला, दाबल्यावर पिचला आणि मुळं ओढताच हातात आली तर मात्र ते गेलं. दुपारनंतर सावली असूनही कडा करपल्या म्हणजे ते तहानलेलं होतं हे जवळजवळ नक्की, पण तहानेनं वरचा भाग वाळला तरी गड्डा बऱ्याचदा वाचलेला असतो, म्हणून आशा सोडू नका.

आता हे झाड नेमकं काय आहे ते थोडं सांगतो, कारण निवड त्याच्यावरच ठरते. नावात 'रू' आहे म्हणून लोक याला सतापाचा भाऊबंद समजतात, तसं काही नाहीये, सताप लिंबाच्या कुळातला आणि थॅलिक्ट्रम रॅननक्युलेसी कुळातलं, म्हणजे अ‍ॅनिमोनी, क्लेमाटिस, अ‍ॅक्विलेजिया यांच्या घरातलं. साम्य फक्त पानांच्या बारीक विभागणीचं आहे. पानं इतकी नाजूक की काही जातींची तर मेडनहेअर फर्न म्हणून खपून जातील. फुलांना खऱ्या पाकळ्या नसतातच. आपल्याला जे दिसतं ते एकतर रंगीत निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं, असतात नाहीतर पुंकेसरांचा झुबका, आणि माझ्या मते जात निवडताना हाच फरक सगळ्यात कामाचा आहे. ज्यांची निदलं कळी उमलता उमलता गळून पडतात त्यांचं फूल म्हणजे नुसता मऊ, फुललेला गोंडा, उदाहरणार्थ अ‍ॅक्विलेजिफोलियम आणि फ्लेव्हम. ज्यांची निदलं टिकतात त्यांची फुलं म्हणजे बारीक दांड्यांवर लोंबणाऱ्या छोट्या जांभळ्या घंटांचा ढग, जसं डेलावाय आणि रोशब्रुनियानम. आणि मिनस, डायोइकम यांसारख्या काही जाती वाऱ्यावर परागण करणाऱ्या, त्यांची फुलं हिरवट-पिवळट आणि दिसायला साधी, त्या पानांसाठीच लावायच्या. डायोइकममध्ये तर नर आणि मादी झाडं वेगळी असतात.

तुमच्या वाफ्यासाठी पहिलं नाव मी अ‍ॅक्विलेजिफोलियमचं घेईन. युरोपपासून समशीतोष्ण आशियापर्यंत जंगलात वाढणारी जात आहे, उंची साधारण ६० ते १०० सेंटीमीटर, वसंत संपता संपता आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फिकट जांभळट-गुलाबी गोंडे येतात, म्हणजे खरा उन्हाचा तडाखा सुरू व्हायच्या आत तिचं मुख्य काम उरकलेलं असतं. ही तिची वेळ फार उपयोगाची आहे, कारण पुढे पाण्याची थोडी आबाळ झाली तरी त्या वर्षीची फुलं तुम्ही बघून झालेली असता. दांडे बऱ्यापैकी ताठ असतात, आधार सहसा लागत नाही. 'ब्लॅक स्टॉकिंग्ज' म्हणून एक प्रकार मिळतो त्याचे दांडे जवळजवळ काळे असतात आणि वर फिकट जांभळा गोंडा, अर्धवट सावलीत तो फार उठून दिसतो. 'थंडरक्लाउड'चे गोंडे गडद असतात. पांढऱ्या फुलांचा 'अल्बम' मला वैयक्तिक सगळ्यात आवडतो, संध्याकाळी उजेड कमी झाला की वाफ्यात तोच दिसत राहतो. फुलं गेल्यावर लोंबणाऱ्या, पंखासारख्या कडा असलेल्या बिया येतात, त्याही बघण्यासारख्या असतात, म्हणून दांडे लगेच कापू नका. पण बिया पडून आजूबाजूला रोपं उगवतात, नको असतील तर त्या पिकायच्या आत तुरे कापा.

माती थोडी कोरडी राहणारच असेल, किंवा ऊन जास्त असेल, तर फ्लेव्हमची ग्लॉकम ही उपजात घ्या. ही मूळची स्पेन, पोर्तुगाल आणि उत्तर-पश्चिम आफ्रिकेकडची, म्हणून कोरडेपणा आणि ऊन बाकीच्यांपेक्षा जास्त सोसते. पानं निळसर राखाडी, दीड मीटर किंवा वर जाणारे दांडे आणि त्यावर गंधकी पिवळे गोंडे. नुसत्या पानांसाठीही ठेवावी अशी आहे. जांभळ्या सॅल्व्हिया किंवा निळ्या कॅम्पॅन्युलाच्या मागे ती पिवळी धुरकट झाक फार छान जाते. या जातीबद्दल शेतीच्या लोकांना माहीत असलेली पण बागवाल्यांच्या गावी नसलेली एक गोष्ट आहे. गव्हाच्या पानावर जो तांबेरा पडतो त्या बुरशीचा पर्यायी यजमान थॅलिक्ट्रम आहे, म्हणजे त्या बुरशीच्या जीवनचक्राचा एक टप्पा थॅलिक्ट्रमच्या पानांवर पार पडतो, आणि हे १९२१ साली जॅक्सन आणि मेन्स या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. घाबरून जाण्यासारखं नाही, कारण गव्हावरचा तांबेरा बहुतेक ठिकाणी वाऱ्यावर उडणाऱ्या बीजाणूंमुळेच गव्हावरून गव्हावर पसरतो. पण बाग गव्हाच्या शेताला लागून असेल आणि पानांच्या खाली नारिंगी पेल्यांसारखे फोड दिसले तर ती पानं काढून नष्ट करा, कंपोस्टमध्ये टाकू नका.

आता डेलावाय, जिच्या मोहात आपण सगळेच पडतो. पश्चिम चीनच्या डोंगरातली जात, तिथे वनस्पती गोळा करणाऱ्या डेलावे या फ्रेंच मिशनऱ्याच्या नावावरून तिचं नाव पडलं. दांडे सुतळीपेक्षा थोडे जाड, उंची सव्वा ते दीड मीटर, चांगल्या जागी त्याहूनही जास्त, आणि भर उन्हाळ्यापासून पुढे दीडेक महिना जांभळ्या फुलांचा तो हवेत तरंगणारा ढग. तुमचं 'ह्यूइट्स डबल' हा तिचाच दुहेरी फुलांचा प्रकार. त्याच्यात पुंकेसरांचं रूपांतर पाकळीसारख्या बारीक तुकड्यांत झालेलं असतं, म्हणून प्रत्येक फूल म्हणजे एक इवलंसं बटण. पुंकेसर नाहीत म्हणून पराग नाहीत, पराग नाहीत म्हणून बी नाही, आणि बी धरायचं नसल्यामुळे फुलं टिकतात खूप. पण मधमाश्यांसाठी लावायचं असेल तर हे लावू नका, थॅलिक्ट्रमच्या फुलात तसाही मध नसतो, माश्या येतात त्या परागासाठीच. आणि एक सांगून ठेवतो, 'ह्यूइट्स डबल'चं बी म्हणून कोणी पाकीट विकत असेल तर घेऊ नका, या झाडाला बी येतच नाही, त्या पाकिटातून फार तर साधी डेलावाय उगवेल.

साध्या डेलावायपेक्षा 'ह्यूइट्स डबल' जास्त नखरेल आहे हे मला स्पष्ट सांगायचंय. त्याला माती सतत ओलसर, मुळाशी गारवा आणि खायला भरपूर लागतं, आणि दर तीन-चार वर्षांनी गड्डा विभागून नवी माती दिली नाही तर ते हळूहळू बारीक होत जातं. बाकी थॅलिक्ट्रमना मी म्हणतो की शक्यतो हलवूच नका, हे मात्र अपवाद. म्हणून पहिल्यांदाच थॅलिक्ट्रम लावणाऱ्याला मी हे सुचवत नाही. तुमचं वाचलं असेल तर ठेवा, त्याची जागा नीट करा, कशी ते खाली सांगतो. गेलं असेल तर आधी अ‍ॅक्विलेजिफोलियम लावा, ते दोन वर्षं नीट फुललं की तुमच्या मातीवर विश्वास ठेवायला हरकत नाही, मग डेलावायकडे या.

बाकीच्या जाती भराभर सांगतो. रोशब्रुनियानम जपानमधली, डेलावायसारखीच पण दांडे जरा दणकट, दोन मीटरपर्यंत सहज जाते, 'लॅव्हेंडर मिस्ट' नावानं विकतात, फक्त लेबलांची गल्लत फार होते तेव्हा फूल बघून घेता आलं तर उत्तम. 'एलिन' हा रोशब्रुनियानम आणि ग्लॉकमचा संकर, अडीच मीटरच्या वरही जातो, तुमच्या दोन मीटरच्या वाफ्यात मी तो लावणार नाही, पण मोठी बाग असणाऱ्यांनी जरूर लावावा, वसंतात त्याची कोवळी निळसर-जांभळी पानं फुलांपेक्षा कमी नसतात. प्युबेसेन्स ही उत्तर अमेरिकेतली, पांढऱ्या गोंड्यांची, पाणथळ जागेला चालते. केलिडोनाय हिमालयातली, फुलं मोठी आणि देखणी, पण तिला गार दमट हवाच लागते, गरम उन्हाळ्यात ती दम धरत नाही. बुटक्यांमध्ये कियुसियानम ही जपानची, जेमतेम १० ते १५ सेंटीमीटर, जमिनीलगत पसरत जाते आणि वर जांभळट गुलाबी गोंडे, सावलीतल्या उथळ कुंडीला हिच्यासारखं दुसरं नाही. 'ईव्हनिंग स्टार' म्हणून इचांगेन्सचा प्रकार आहे त्याच्या पानांवर चंदेरी रेषा असतात. आणि थॅलिक्ट्रॉइडीस, जिला पूर्वी अ‍ॅनिमोनेला म्हणायचे, ती वसंतात फुलून उन्हाळ्यात जमिनीखाली गायब होते, खाली छोटे कंद असतात, तीही गेली म्हणून लोक उकरून टाकतात.

जागा आणि मातीबद्दल जास्त लिहितो कारण गडबड बहुतेक वेळा तिथेच असते. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली ही तुमची जागा मुळात उत्तम आहे. शंका आहे ती भिंतीची. भिंतीच्या पायथ्याशी माती नेहमी वाटते त्याहून कोरडी असते, पाऊस तिरका आला तर भिंत तो अडवते, छपराची वळचण पुढे आलेली असेल तर सरळ पाऊसही तिथे पडत नाही, शिवाय विटा पाणी ओढतात आणि दिवसाची उष्णता धरून ठेवतात. दोन मीटर रुंद वाफा आहे ना, मग झाड भिंतीपासून निदान ६०-७० सेंटीमीटर पुढे आणा. उंच झाड मागेच हवं हा नियम थॅलिक्ट्रमला लागू नाही, पानांचा झुबका खाली राहतो आणि वरचे दांडे इतके विरळ की त्यातून पलीकडचं सगळं दिसतं, मी तर मुद्दाम वाटेच्या कडेला लावतो, फुलं डोळ्यासमोर येतात आणि मागच्या झाडांवर नुसता जांभळा पडदा पडल्यासारखं वाटतं.

खड्डा गड्ड्याच्या दुप्पट रुंद घ्या आणि निघालेल्या मातीत साधारण एक तृतीयांश कुजलेला पालापाचोळा किंवा जुनं कंपोस्ट मिसळा. ताजं शेणखत किंवा जास्त नत्राचं खत नको, त्यानं दांडे लुसलुशीत होतात आणि पहिल्या वाऱ्यात आडवे होतात. माती ओलसर हवी पण पाणी साचलेलं चालत नाही, हिवाळ्यात गड्डा पाण्यात बसला तर सडतो, म्हणून चिकणमाती असेल तर खड्ड्याच्या तळाशी खडी टाकत बसण्यापेक्षा पूर्ण वाफाच कंपोस्ट घालून थोडा उंच करा. कुंडीत ज्या पातळीवर होतं त्याच पातळीवर लावा, दोन झाडांत ४५ ते ६० सेंटीमीटर अंतर, लावल्यावर भरपूर पाणी आणि वर पाच-सात सेंटीमीटर आच्छादन, फक्त कोंबांवर आच्छादन येऊ देऊ नका. पहिलं वर्षभर पाऊस नसेल त्या आठवड्यात प्रत्येक झाडाला बादलीभर पाणी एकदम द्या, म्हणजे ८-१० लिटर, रोज थोडं थोडं शिंपडून काही उपयोग नाही, मुळं वरवरच राहतात आणि मग दोन दिवस गावाला गेलात की झाड माना टाकतं. ड्रिप असेल तर छानच, पण तोटी गड्ड्याच्या डोक्यावर न ठेवता जरा बाजूला ठेवा.

पहिल्या वर्षी फुलं नाही आली तर नाराज होऊ नका. हे झाड आधी मुळं पसरवतं, खरं रूप तिसऱ्या वर्षी दिसतं. तुमच्या मागच्या वर्षीच्या झाडाला फुलं आली नाहीत यात करपण्याचा हात आहेच, पण ते नवीन होतं हेही कारण आहे.

आधार हा विषय फक्त डेलावाय आणि त्याहून उंच असलेल्यांचा. दांडा कोसळल्यावर बांधलात तर तो बांधलेलाच दिसतो, म्हणून कोंब गुडघ्याएवढे झाले की भोवती फांद्या-फाटे असलेल्या वाळक्या काटक्या रोवा, झाड त्यातून वर येतं आणि काटक्या पानांत लपतात. वाऱ्याच्या झोतात, दोन भिंतींमधल्या बोळात वगैरे, हे झाड लावूच नका. हे दांडे पोकळ असतात आणि एकदा मुडपले की सरळ होत नाहीत. हात लावतानाही जपून, कोवळे कोंब बोट लागलं तरी तुटतात.

रोग-किडी फार नाहीत. कोंब मातीतून वर येतात ते पंधरा दिवस बिनशंखाच्या गोगलगायींचे, एका रात्रीत सगळे कोंब खाऊन टाकतात आणि आपल्याला वाटतं झाड उगवलंच नाही. तुमच्याकडेही तसं झालेलं असू शकतं, म्हणून टॉर्च घेऊन रात्री एकदा बघा आणि दिसतील त्या उचला. माती कोरडी पडली की पानांवर पांढरी भुरी येते, त्यावर फवारणीपेक्षा पाणी आणि मोकळी हवा जास्त कामाला येते, फार झाली तर फुलांनंतर खालची पानं कापून टाका, नवीन फुटतात. पानांत नागअळीच्या नागमोडी रेषा दिसल्या तर ती पानं खुडा, त्यानं झाड मरत नाही. हरणं आणि ससे सहसा याच्या वाटेला जात नाहीत, पानांमुळांत अल्कलॉइड असतात म्हणून. त्याच कारणानं याचा कुठलाही भाग खायचा नाही, घरात लहान मुलं असतील तर ध्यानात ठेवा.

बियांपासून करायचं असेल तर साध्या जातींचं ताजं बी घ्या, जुनं बी फार रडवतं. पिकलं की लगेच पेरून ट्रे हिवाळाभर बाहेर थंडीत ठेवा, किंवा ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे ठेवून मग पेरा. वर मातीचा अगदी पातळ थर. काही बिया महिन्यात उगवतात आणि काही पुढच्या वसंतात, म्हणून ट्रे वर्षभर तरी टाकून देऊ नका. फुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. विभागणी करायची तर वसंतात कोंब नुकते दिसायला लागतात तेव्हा, धारदार सुरीनं, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन कोंब आणि भरपूर मुळं ठेवून. 'एलिन' आणि 'ह्यूइट्स डबल' घरी वाढवायचे तर हाच मार्ग आहे.

ज्यांच्याकडे हिवाळा थंड नसतो आणि उन्हाळा कडक असतो त्यांना मी मनापासून सांगतो, उंच थॅलिक्ट्रमवर पैसे घालवू नका. या जातींना थंडीची विश्रांती लागते, ती मिळाली नाही की एखादं वर्ष तग धरतात आणि मग संपतात. अगदी हौस असेल तर ग्लॉकमचं एक रोप दाट सावलीच्या कडेला लावून बघा, पण एकच.

राहिलं तुमच्या या वर्षीचं काम. त्या जागेवर काठी रोवा, आठवड्याला एकदा पाणी द्या, गोगलगायी उचला आणि उन्हाळा सुरू होईपर्यंत थांबा. कोंब आले तर या वर्षी तिथेच राहू द्या, भिंतीला चिकटून असेल तर पुढच्या वसंतात मातीच्या गोळ्यासकट पुढे घ्या. नवीन अ‍ॅक्विलेजिफोलियम मात्र आत्ताच आणा, नर्सरीत घेताना फूल असलेलं उंच रोप न घेता ज्याच्या बुडाशी तीन-चार फुटवे आहेत असं बुटकं रोप निवडा, आणि कुंडी उचलून बघा, हलकी लागली म्हणजे ते बरेच दिवस तहानलेलं आहे, ते ठेवून शेजारचं घ्या.